घरीं कोणी आहे का?

"घरीं कोणी आहे का?" असें विचारणारा पूर्वी दारांत उभा असे, आतां तो मोबाइलवरून विचारतो. आणि आपणहि कचेरींतून किंवा वर्गांतून घाईघाईनें उत्तर देतों, "कोणी नाहीं, बाहेर ठेवून जा." मध्यमवर्गाच्या संसारांतील मोठें स्थित्यंतर या उत्तरांत आहे, असें मला वाटतें. वस्तु घरपोंच मिळूं लागल्या आणि नेमकें त्याच काळांत दिवसाढवळ्या घर रिकामें राहूं लागलें.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या आईचें श्रवणयंत्र दुरुस्त होऊन पार्सलानें परत यावयाचें होतें. दुपारीं संदेश आला, "पार्सल घरांतील व्यक्तीच्या हातीं दिलें." घरांत आई एकटीच होती, आणि दारावरची घंटा ऐकूं येण्याचें तिचें साधन त्या पार्सलांतच होतें! तिसऱ्या दिवशीं तें पलीकडच्या इमारतीच्या पहारेकऱ्यापाशीं सांपडलें. तोंपर्यंत ती सर्वांच्या तोंडाकडे पाहत मुकाट्यानें बसून होती. किंमत भरून मिळाली असती. ते तीन दिवस कोण भरून देणार?

पत्ता शोधण्याच्या शास्त्रांत आपण पुष्कळ प्रगति केली आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडितानें योजिलेला सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. २०२५ सालीं आलेला 'डिजिपिन' तर देशांतील सुमारें ४ मीटर लांबीरुंदीचा चौकोन दाखवितो. पण त्या चौकोनांत माझें दार, जिना आणि शेजाऱ्याच्या चपला, सारेंच येतें. स्थळ सांपडलें म्हणजे माणूस सांपडतोच असें नाहीं. टपालखात्याला हा भेद ठाऊक होता. साधें स्पीड पोस्ट पत्त्यावर पोंचवावयाचें. रजिस्टर पोस्ट मात्र ज्याचें त्याच्या किंवा त्यानें नेमलेल्या माणसाच्या हातीं द्यावयाचें. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टांत विलीन झालें, तरी नोंदणीची ही सोय जादा शुल्क देऊन घेतां येते. मौल्यवान वस्तु पाठविणाऱ्यास ती घेण्यास अवश्य सांगावें.

खाजगी कंपन्यांनीं सहीच्या जागीं ओटीपी आणला. तो चांगला आहे, मात्र पार्सल हातांत आल्यावरच सांगावा. फोनवर मागणाऱ्यास कदापि नाहीं. न मागविलेल्या पार्सलाचे पैसे भरूं नयेत, हें घरांतील वृद्धांना आधींच सांगून ठेवावें. वेष्टन फाटलेलें दिसल्यास पार्सल परत करावें. किंमती वस्तु उघडतांना चित्रण करावें. खोकें टाकण्यापूर्वीं नांव व फोन नंबर असलेली चिठ्ठी फाडावी. नोकरीच्या ठिकाणीं परवानगी असल्यास तेथील पत्ता द्यावा. "पोंचलें" असा संदेश येऊन पार्सल न दिसल्यास त्याच दिवशीं तक्रार करावी.

आणणाऱ्या तरुणावर मात्र सारा राग काढूं नये. पाठीवर ओझें, पुढें पुष्कळ घरें. कित्येक इमारतींत त्याला लिफ्टहि वापरूं देत नाहींत. बंद दारापुढें तो किती वेळ थांबणार?

या सर्वांहून जुना उपाय म्हणजे शेजार. आमच्या जिन्यावरील चार घरांनीं ठरविलें आहे कीं, बाहेर पडतांना कोणी घरीं आहे तें एकमेकांस कळवावयाचें, आणि पार्सल त्याच्याकडे द्यावयास सांगावयाचें. पार्सलें सुखरूप राहतात, हा त्याचा उघड लाभ. दुसरा लाभ आम्हीं योजिलेला नव्हता. पलीकडच्या भिंतीआड कोण आजारी आहे, कोण आठ दिवस एकटें आहे, हें कित्येक वर्षांनीं आम्हांला कळूं लागलें आहे.