अप्सरेचा निळा प्रकाश

मुंबईस गेटवे ऑफ इंडियापाशीं लाँचींत बसून घारापुरीस निघालें, म्हणजे सुमारें तासाभराची जलयात्रा होते. बहुतेक मंडळींचें लक्ष पुढें लेण्यांच्या बेटाकडे लागलेलें असतें. आम्हीं मात्र हा प्रवास दोन वेळां केला, तो मुख्यतः डावीकडील किनारा पाहण्याच्या हेतूनें. त्या अंगास तुर्भ्याची टेकडी आहे. (इंग्रज तिला ट्रॉम्बे म्हणत, नव्या मुंबईंतील तुर्भें तें निराळें.) टेकडीच्या पायथ्याशीं, समुद्रास लागून, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इमारती आहेत आणि त्यांत एक पांढरा घुमट दुरूनही नजरेंत भरतो. आमच्या शेजारीं बसलेले एक गृहस्थ आपल्या नातवास बोटानें तो दाखवून, "ती बघ अप्सरा," असें सांगत होते. वस्तुतः तो घुमट सायरस नांवाच्या भट्टीचा. ती १९६० सालीं सुरू झाली व २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. अप्सरा तिच्याहून वडील. तिला घुमट नाहीं. ती पाण्यानें भरलेल्या एका कुंडाच्या तळाशीं राहते. नातू ऐकण्याच्या मनःस्थितींत नव्हता, म्हणून आम्ही गप्प राहिलों.

अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजीं कार्यान्वित झाली. आशिया खंडांतील ती पहिली अणुभट्टी म्हणून ओळखली जाते. १९५७ च्या जानेवारींत पंडित नेहरूंनीं तिला हें नांव दिलें, तें तिच्या पाण्यांतून उमटणाऱ्या निळ्या प्रभेवरून, असें सांगतात. नांव सुंदर आहे यांत शंका नाहीं. पण व्युत्पत्तीकडे पाहिलें असतां तें अधिकच समर्पक ठरतें. अप् म्हणजे पाणी, आणि सृ धातूचा अर्थ सरणें, जाणें. पाण्यांतून जी सरते ती अप्सरा, असा अर्थ यास्काचार्यांनीं निरुक्तांत दिला आहे. निळा प्रकाश उत्पन्न होतो तोही पाण्यांतून वेगानें सरणाऱ्या एका वस्तूमुळेंच.

ती वस्तु म्हणजे इलेक्ट्रॉन. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर, आणि त्याच्यापुढें कोणासही धांवतां येत नाहीं, हें शाळेंतील पोरही घोकून सांगतें. परंतु हा नियम निर्वात पोकळींतील वेगाविषयीं आहे. पाण्यांत शिरतांच प्रकाश मंदावतो व त्याचा वेग सुमारें २,२५,००० किलोमीटरांवर येतो. या मंदावलेल्या प्रकाशास मागें टाकण्यास कोणतीही हरकत नाहीं. भट्टींतील गॅमा किरण इंधनाच्या धातूच्या आवरणांतून पार होऊन पाण्यांत येतात आणि तेथील इलेक्ट्रॉनांस असा तडाखा देतात कीं, त्यांतले कित्येक पाण्यांतील प्रकाशाहूनही वेगानें धांवूं लागतात. इलेक्ट्रॉन विद्युद्भारित असल्यामुळें वाटेंतील रेणूंना तो क्षणभर विचलित करतो. ते पूर्वस्थितीवर येतांना प्रकाशाच्या सूक्ष्म लहरी सोडतात. तो संथ असेल, तर या लहरी एकमेकींस मारून टाकतात व कांहींच दिसत नाहीं. तो लहरींच्याही पुढें निघून गेला, म्हणजे मात्र त्या मागें शंकूच्या आकारानें एकवटतात. लाँचीच्या नाळेपासून दोहों बाजूंस तिरप्या पसरत जाणाऱ्या लाटा पाहाव्या, म्हणजे ही गोष्ट ध्यानांत येईल. उपमा एकदेशी असते. ती फार ताणूं नये.

निळाच रंग कां? या प्रकाशांत सर्व रंग असतात. परंतु लहर जितकी आंखूड, तितका तो विपुल. म्हणून तांबड्यापेक्षां निळा अधिक. निळ्याच्याही पलीकडील भाग आणखी मोठा आहे, पण तो आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं.

हा प्रकाश मादाम क्यूरी यांच्याही पाहण्यांत आला होता. त्याचा कसून अभ्यास मात्र रशियांत वाविलोव्ह यांच्या हाताखालीं पावेल चेरेन्कोव्ह यांनीं केला आणि १९३४ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांच्या जवळील किरणोत्सर्गी द्रव्य थोडें व प्रकाश अत्यंत मंद. म्हणून प्रयोगापूर्वीं डोळे सरावावे यासाठीं ते तासभर काळोखांत बसून राहत. कारणमीमांसा १९३७ सालीं फ्रँक व टाम यांनीं केली, आणि तिघांस १९५८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. वाविलोव्ह तोंपर्यंत निवर्तले होते.

आमचा एक विद्यार्थी या केंद्रांत नोकरीस निवडला गेला, तेव्हां त्याची आई आमच्याकडे आली. "मास्तर, तिथलं पाणी म्हणे पेटलेलं असतं. माझा एकुलता एक मुलगा आहे," ती म्हणाली. भय निराधार आहे, असें आम्हीं तिला सांगितलें नाहीं. निळा प्रकाश स्वतः दिव्याच्या उजेडाइतकाच निरुपद्रवी; तो ज्यांच्यापासून होतो ते किरण मात्र प्राणघातक. चालू भट्टीपाशीं उघडा जाईल तो वांचणार नाहीं. परंतु कुंड सुमारें ८ मीटर खोल, आणि वर उभ्या राहणाऱ्या माणसापर्यंत येण्यापूर्वीं तें पाणीच त्या किरणांस गिळून टाकतें. जें पाणी पेटलेलें म्हणून ती भीत होती, तेंच तिच्या मुलाचें चिलखत होतें. दोन दिवसांनीं ती पुन्हा आली. "आणि पाणी गळलं तर?" प्रश्न अगदीं बरोबर होता. त्यावर रात्रंदिवस पहारा ठेवण्यासाठींच तेथें माणसें नेमतात आणि तुझा मुलगा त्यांपैकींच एक होणार, असें आम्हीं उत्तर दिलें. तिनें त्यास जाऊं दिलें.

त्यानें पुढें ती प्रभा स्वतः पाहिली. ज्वाला नाहीं, आवाज नाहीं; भट्टी बंद केल्यावरही ती एकदम मावळत नाहीं, मंद होत राहते, असें तो सांगतो. जुनी अप्सरा २००९ सालीं थांबली. तिच्याच जागीं नवी, २ मेगावॅट शक्तीची, १० सप्टेंबर २०१८ रोजीं सुरू झाली.

हाच प्रकाश हवेंतही होतो, पण हवेंत प्रकाश फारच थोडा मंदावतो. आकाशांतून येणाऱ्या गॅमा किरणामुळें वातावरणांत कणांची जी बरसात होते, तिच्यापासून सेकंदाच्या कांहीं अब्जांश भागापुरती एक निळसर चमक निघते. ती टिपण्यासाठीं लडाखांत हानले येथें सुमारें ४,३०० मीटर उंचीवर २१ मीटर व्यासाची दुर्बीण उभारली आहे. ऑक्टोबर १९२४ नव्हे, २०२४ मध्यें तिचें उद्घाटन झालें, इतकी ती नवी. आमचा विद्यार्थी तेथेंही जाऊन आला. श्वास लागतो, रात्रीं झोंप येत नाहीं, असें त्यानें आम्हांस पत्रीं लिहिलें. आईस मात्र यांतलें कांहीं कळविलेलें दिसत नाहीं.