फॉरमॅट मारण्याआधी

नागपुरात कळमन्याच्या मार्केट यार्डात मिरचीची आवक वाढली की माझा फोनही वाजत राहतो. "भाऊ, मशीन चालूच नाही होऊन राहिली. हिशोब अडले, लवकर या." मी गाळ्यावर पोहोचतो तोवर बटण दहादा दाबून झालेले असते आणि कुणीतरी सांगून गेलेले असते, "फॉरमॅट मारावा लागेल."

या एका सल्ल्याने व्यापाऱ्यांचे जेवढे नुकसान होते, तेवढे बिघाडाने होत नाही. जे मशीन विंडोजपर्यंत पोहोचलेलेच नाही, त्याची डिस्क पुसून काय मिळणार?

बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःला तपासतो: प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले. ते जमले तरच तो हार्ड डिस्ककडे वळतो. म्हणून तो कुठे थांबला, हे आधी पाहायचे. पंखाच हलला नाही तर वीज येत नाही. सॉकेट, मागची केबल, मग एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, तर मॉनिटरची केबल पाहून मी पहिला हात रॅमला घालतो. लोगो आला आणि पुढे बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणाला, तर डिस्क किंवा तिची केबल. बीप वाजत असेल तर मोजा. त्याचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतो आणि तो कंपनीगणिक बदलतो.

मिरचीच्या एका गाळ्यातले मशीन आठवते. पंखा फिरत होता, स्क्रीन मात्र काळीच. बाजूचा पत्रा काढला तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये लाल थर बसलेला. मुनीमजी आणि मी, दोघेही शिंकून बेजार. प्लग काढला, तोंडाला रुमाल बांधला, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारला. मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर हलकेच फिरवले. रबर काळेलाल झाले. चुरा झटकून रॅम पुन्हा बसवली, दोन्ही क्लिपा टक् करून लागेपर्यंत दाबली. एक बीप आला आणि पाठोपाठ लोगो. हंगामाचा सगळा हिशोब जागच्या जागी होता.

मे महिन्यात दुखणे वेगळे. पारा 45 च्या पुढे, वर पत्र्याचे छत आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होते. नवी पेस्ट लावली, धूळ काढली की बहुतेकदा भागते. तारीख रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा 3 व्होल्टचा सीआर2032 सेल बदला. अडत्याच्या बिलावर चुकीची तारीख पडणे ही लहान गोष्ट नाही.

दोन गोष्टी मात्र स्वतः करू नका. एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. आणि हार्ड डिस्क टकटक वाजू लागली तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, प्रत्येक वेळी डेटा हातचा जाण्याचा धोका वाढतो.

लक्ष्मीपूजनाला आता चोपडीशेजारी कॉम्प्युटरही मांडला जातो. यंदा त्याला हळदकुंकू वाहण्याआधी हिशोबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क गाळ्यात नको, घरी ठेवा.