टॉमचं वावर

'इंटरस्टेलर' पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, २०१४ साली. भारावून बाहेर पडलो होतो. दुसऱ्यांदा पाहिला गावी, सोनाळ्याला, दिवाळीत, कापसाची वेचणी चालू असताना, थोरल्या भावाशेजारी बसून लॅपटॉपवर. तेव्हापासून या सिनेमाच्या थोरपणाबद्दल मला बिनघोर बोलता येत नाही.

कृष्णविवराचं कौतुक होतं ते रास्तच. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून ते पडद्यावर उतरलं. पण मला हा सिनेमा मोठा वाटतो तो वेगळ्याच प्रसंगामुळे. पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नायक कूपर यानात परततो तेव्हा तेवीस वर्षं उलटलेली असतात, आणि तो मुलाचे साठलेले निरोप एकामागून एक पाहत रडतो. गाव सोडून गेलेल्या कुणालाही तो प्रसंग सोसवत नाही. मलाही सोसवला नाही.

ते निरोप पाठवणारा टॉम शेती करतो. धुळीत, रोगात, घरातली माणसं पुरून. दिग्दर्शक नोलनला मातीचं दुःख ठाऊक नव्हतं असं नाही. सुरुवातीला बोलणारी बहुतेक म्हातारी माणसं १९३०च्या दशकातली अमेरिकेतली धुळीची वादळं खरोखर सोसलेली आहेत, केन बर्न्सच्या माहितीपटातली. मक्यासाठी त्याने कॅनडात कॅलगरीजवळ ५०० एकर पेरले आणि सिनेमा झाल्यावर पीक विकलं. इतकं करूनही टॉमच्या वाट्याला काय येतं? बहीण त्याला घरापासून लांब न्यायला त्याच्या उभ्या मक्याला आग लावते. पडद्यावर ती हुशारी ठरते.

भाऊ तिथे ताठ बसला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने उभ्या पराटीत रोटाव्हेटर घातला होता. त्या रात्री तो जेवला नव्हता.

सिनेमा संपल्यावर त्याने एकच विचारलं, "त्या टॉमचं काय झालं मंग?"

सकाळी तो वावरात गेल्यावर मी शेवटचा भाग पुन्हा लावला. कूपर जागा होतो. अंतराळस्थानकातल्या वस्तीत जपून ठेवलेलं आपलं घर पाहतो, म्हाताऱ्या लेकीचा हात हातात घेतो, पुन्हा उड्डाणाला निघतो. मुलाबद्दल तो कुणालाच विचारत नाही.