भातसेचे पाणी, ठाण्याचे ग्रंथ

भातसानगर ही शहापूर तालुक्यातील वसाहत भातसा नदीवरील धरणाच्या कामासाठी उभी राहिली. अशा वसाहतींतले काम सरले की बदल्या होतात, बिऱ्हाडे उठतात आणि मागे उरते ती भिंतींना धरलेली ओल. येथून खाली जाणाऱ्या पाण्यावर मुंबईची मोठी तहान भागते, पण तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. ही सल मनात असलेल्या माणसाला ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाकडे केवळ कौतुकाने पाहता येत नाही. पाण्यासारखे ग्रंथही जवळ असून दूर राहू नयेत, म्हणून तिकडे तो हक्काने पाहतो.

मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक जपावे या हेतूने १ जून १८९३ रोजी ही संस्था निघाली, आणि तिच्या संस्थापकांत विनायक लक्ष्मण भावे होते. या माणसापाशी थोडे थांबायला हवे. विज्ञानाचा हा पदवीधर, मिठागरांच्या व्यवसायात गुंतलेला. तरीही त्याने 'महाराष्ट्र सारस्वत' हा जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला आणि महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या, म्हणजे पंथाबाहेरच्यांना वाचता येऊ नयेत अशा अक्षरांतल्या, पोथ्या उलगडण्यात आयुष्याची वर्षे घातली. कुलूपबंद अक्षर सर्वांसाठी उघडावे, ही ओढ त्याच्या सगळ्या कामात दिसते, आणि म्हणूनच त्याच्या संस्थेकडून अपेक्षाही मोठी राहते.

पण उघडण्यासाठी ग्रंथ आधी टिकायला हवेत, आणि जुन्या ग्रंथांचे दुखणे त्यांच्या कागदातच असते. १८६७ पर्यंतच्या मुद्रणाला, म्हणजे छपाई पाळण्यात होती त्या काळातल्या पुस्तकांना, दोलामुद्रिते म्हणतात. त्यांतली चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर छापलेली पुस्तके पुष्कळदा टिकाऊ निघतात. पुढे लाकडाचा लगदा आला, शाई फुटू नये म्हणून कागदाला तुरटी आणि राळ यांची खळ दिली जाऊ लागली, आणि त्या तुरटीतून होणाऱ्या आम्लाने तंतू आतून तुटू लागले. त्यामुळे नातवंडे आजोबांच्या आधी थकावीत तसे धाकटे पुस्तक थोरल्याआधी मोडते. कोकणाच्या दमट हवेत त्यात कसर आणि वाळवीची भर पडते. दुरुस्ती करणारा हात आधी मऊ कुंचल्याने धूळ काढतो, कसरीने चाळण केलेल्या पानावर पातळ जपानी कागद पिठाच्या खळीने चिकटवतो आणि ते दाबाखाली वाळू देतो. घाई केली तर पान सुरकुतते, खळ दाट झाली तर पुन्हा किडीला निमंत्रण मिळते.

संग्रहालयाने दुर्मिळ ग्रंथांच्या डिजिटल प्रती करून त्या संकेतस्थळावर खुल्या केल्या, हे उत्तम झाले. पण खुले असणे आणि हाती येणे यांत शहापूर ते ठाणे एवढे तरी अंतर आहे. राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार खेड्यापाड्यांतील मान्य वाचनालयांना त्यांच्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. 'ड' वर्गातल्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या, वाचनालयाला त्यात वर्तमानपत्रांची बिले भागवताच दमछाक होते. तेथे एक संगणक, वीज गेल्यावर तासभर तग धरणारी बॅटरी आणि दारातून कुणाला परत न पाठवणारा ग्रंथपाल मिळाला, तर भाव्यांनी जमवलेले पुस्तक धरणाकाठच्या पाड्यावरची मुलगी शाळा सुटल्यावर वाचू शकेल, आणि त्यासाठी तिला लोकलचे तिकीट काढावे लागणार नाही.