पटकथेचा पहिला खर्डा आणि काळारामाचं बंद दार

काळाराम मंदिर सत्याग्रहावरच्या आमच्या सिनेमाची वनलाइन पूर्ण झाली त्या दिवशी आम्हाला वाटलं, अर्धं काम संपलं. चौदा पानं, बेचाळीस सीन. सातपूरच्या खोलीत वाचन झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी 'जय भीम'चा नारा दिला. मग पहिला खर्डा लिहायला बसलो आणि सात महिने तिसऱ्या सीनच्या पुढे सरकलोच नाही.

आम्ही पाच जण. दोघे शिक्षक, एक रिक्षा चालवतो, एक वीज खात्यात कंत्राटी, एक वकिलीचं शिकणारी. चळवळीत आमची उमर गेली ती निवेदनं, ठराव आणि पत्रकं लिहिण्यात. आणि आमची वनलाइन हेही एक पत्रकच होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्यात लिहिलं होतं : '२ मार्च १९३०. मिरवणूक मंदिराशी येते. दारं बंद. लोक संतापतात.' पत्रकात 'लोक' संतापू शकतात. पटकथेत लोक नावाचा माणूसच नसतो. तिथे कुणीतरी एक जण उभा असतो, त्याच्या हातात काहीतरी असतं, आणि त्याचा संताप कॅमेऱ्याला दिसावा लागतो.

इतिहास आम्हाला पाठ होता. सुमारे एक मैल लांबीची ती मिरवणूक, तिच्यात पाचशेच्या आसपास स्त्रिया. दारं बंद, म्हणून लोक गोदावरीच्या घाटाकडे वळले, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही दरवाज्यांवर पहिली तुकडी बसली : १२५ पुरुष, २५ स्त्रिया. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड, आपले दादासाहेब, तेव्हा अवघे २७ वर्षांचे होते. हे सगळं आम्ही भाषणांत हजार वेळा सांगितलंय. पण त्या २५ जणींपैकी एकीला सीनमध्ये बोलायला लावलं, तर ती जयंतीच्या व्यासपीठावरून बोलल्यासारखी बोलायची. सासूशीही ती मानवमुक्तीवर बोलायची. वाचताना आम्हालाच लाज वाटायला लागली.

कोंडी फोडली ती आमच्यातल्या एकाच्या आईने. आत भाकरी थापता थापता ती ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "पोरांनो, ही बाई घरात बोलती का सभेत?" आम्ही गप्प. मग म्हणाली, "आन् दाराशी जाऊन बसली, तर पोरं कुणापाशी ठेवली तिनं?"

बेचाळीस सीनमध्ये या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आम्ही स्वतःला फुले-आंबेडकरवादी म्हणवतो, स्त्रीमुक्तीवर शिबिरं घेतो, आणि पंचवीस स्त्रिया आमच्यासाठी एक आकडा होत्या! त्या रात्री तिसरा सीन लिहिला. घर, रात्र. ती पीठ मळतेय. नवरा सांगतोय की उद्याची मजुरी बुडाली तर परवा चूल पेटणार नाही. सासू काहीच बोलत नाही, फक्त लहानग्याला उचलून स्वतःच्या गोधडीत घेते. एकही घोषणा नाही. त्यानंतर लिखाण धावलं असं नाही, पण निदान चालायला लागलं.

आराखड्यात सगळ्याला सारखीच जागा मिळते, खर्ड्यात तसं होत नाही. ९ एप्रिल १९३०, रथाचा दिवस. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असा समझोता झाला होता. तो मोडून रथ पळवला गेला, दगडफेक झाली. हा प्रसंग आम्ही सिनेमाचा कळस धरला होता, तो चार पानांत संपला. उलट त्याचा सूड म्हणून पुढे जिल्ह्यातल्या गावोगावी आपल्या लोकांचा छळ झाला, शाळा आणि रस्ते बंद केले गेले, ते वनलाइनमध्ये अर्ध्या वाक्यात होतं. त्याची आता नऊ पानं झालीत. शहरातली दंगल दगड थांबले की थांबते. गावात माणूस परत जातो आणि तिथे त्याला रोज राहायचं असतं.

मग आला शेवट. वनलाइन घेऊन आम्ही एका निर्मात्याकडे गेलो होतो. ते म्हणाले, एक चांगला ब्राह्मण टाका आणि शेवटी दार उघडू द्या, प्रेक्षक रडत बाहेर जाईल. चांगल्या ब्राह्मणाला आमची ना नाही. महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे कोण होते? पण दार उघडायचं म्हणजे खोटं लिहायचं. पाच वर्षांच्या सत्याग्रहात ते उघडलं नाही.

पटकथेच्या पुस्तकी नियमाने ही हरलेल्या माणसांची गोष्ट ठरते : नायकाला आत जायचं होतं, जाता आलं नाही. आम्हीही काही दिवस त्याच चक्रात अडकलो. मग बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ ला भाऊरावांना लिहिलेलं पत्र पुन्हा काढलं. त्यात ते स्वच्छ सांगतात की हा सत्याग्रह मूर्तिपूजेच्या ओढीने केलेला नव्हता, आपल्या माणसांना त्यांच्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात बळ यावं म्हणून तो होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवला. म्हणजे दाराकडे पाठ फिरवून चालू लागणं हाच शेवट. फक्त ती पाठ फिरवणं हार म्हणून दिसू नये, असं लिहायचं कसं? तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. चौथा प्रयत्न वाईट आहे, पण फाडलेला नाही. पहिला खर्डा वाईटच असतो हे आम्हाला आधी कुणी सांगायला हवं होतं.

रविवारी आम्ही पांडवलेण्यांच्या, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी बसतो. तिथे फाळके स्मारक आणि बुद्धविहार शेजारी शेजारी आहेत. फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये, १९१७ साली, राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या, कारण सिनेमात काम करायला बायका मिळत नव्हत्या. त्यानंतर तेराच वर्षांनी फाळक्यांच्याच नाशकात बायका रामाच्या दाराशी जाऊन बसल्या होत्या. हे सीनमध्ये कुठे बसवता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

खर्डा आता १३१ पानांचा झालाय. पुढच्या महिन्यात सातपूरच्याच खोलीत वाचन आहे. आईने निरोप पाठवलाय, रथाच्या दिवशी दगड पडत होते तेव्हा पोरं कुठं होती ते लिहिलं का? अजून लिहिलेलं नाही.