करवंदीचं कुंपण

पारोळ्याला धुळे रस्त्याच्या अंगाला आमचं घर. बांधकाम संपता संपता हाताशी जे उरलं, त्यात पुढची भिंत तेवढी झाली. बाकी तिन्ही बाजू उघड्याच. ज्याने त्याने सांगितलं, सिमेंटचे खांब रोवा, काटेरी तार ओढा, मोकळे व्हा. मी करवंद लावायचं ठरवलं. खड्डे खणताना शेजारच्या आजी बघत उभ्या राहिल्या.

“घरना म्होरे कोनी काटा लावस का रे भाऊ?”

“म्होरे नही वो माय, मांगे लाई ऱ्हायनू,” म्हटलं, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. दारात काटेरी झाड नको, ही समजूत आमच्याकडे पक्की आहे.

बी मात्र माझ्याकडे फुकट आलं होतं. मे महिन्यात मुंबईहून परतताना कसारा-इगतपुरीला बायका करवंदांचे द्रोण घेऊन गाडीत चढतात. ती करवंदं खाल्ली आणि बिया पुडीत बांधून आणल्या. करवंदाचं बी ठेवणीचं नाही. ते फार वाळलं की त्याची उगवायची ताकद झपाट्याने जाते. म्हणून गर धुऊन काढायचा, दिवस-दोन दिवस सावलीत सुकवायचं आणि लगेच पिशव्यांत पेरायचं. पुढच्या पावसाळ्यात ही रोपं जमिनीत गेली.

पारोळ्यात करवंदाला भीती उन्हाची नाही. इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेही ते सोसतं. सह्याद्रीच्या कातळावर वाढणारं झुडूप ते. त्याला सोसत नाही ते मुळाशी तुंबलेलं पाणी. आमची काळी माती पावसाळ्यात पाणी सोडत नाही आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पाडून कोवळी मुळं तोडते. त्यामुळे मी आधी मातीचा उंच वरंबा घातला, त्यावर दोन-दोन फुटांवर दीड फूट खोल खड्डे घेतले आणि निम्मा मुरूम, बाकी शेणखत आणि तीच काळी माती असं भरलं. एकटं झाड वाढवायचं असेल तर अंतर बरंच जास्त लागतं. कुंपणाला दाटीच हवी.

पहिलं वर्ष बघणाऱ्याची परीक्षा घेतं. रोप वीतभर वाढतं आणि हटून बसतं. या वयात काटे मऊ असतात आणि शेळ्यांना ते बरोबर ठाऊक असतं. कपाशी निघाल्यावर शेतकरी पऱ्हाटी जाळतात नाहीतर चुलीला नेतात. मी त्यातली गाडीभर मागून आणली आणि रोपांच्या बाहेरून आडवी रचली. शेळ्या थांबल्या. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक पाणी दिलं. त्यानंतर या ओळीला मी मुद्दाम पाणी दिलेलं नाही.

खरी मेहनत छाटणीची, आणि तिच्यात वेळ सांभाळणं मुख्य. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडायचा. जीव कासावीस होतो, पण न खुडल्यास झाड वर पळतं आणि खाली कोंबडी शिरेल एवढी भोकं राहतात. कुंपण खाली रुंद आणि वर निमुळतं ठेवायचं, म्हणजे बुंध्यापर्यंत ऊन पोचतं आणि तळाची पानं टिकतात. फळं उतरली आणि पाऊस लागला की कात्री चालवायची. दिवाळीनंतर मात्र हात लावायचा नाही, कारण फुलं कोवळ्या फुटीच्या टोकाला येतात. शेंडे कापले की त्या वर्षीची करवंदं गेलीच.

एकदा फांदी वाकवून काटा बघा. पानांच्या बगलेत दोन, समोरासमोर. काही पुढे पुन्हा दुभंगलेले. बुडाशी हिरवे, टोकाला लालसर. टोक मोडून कातडीत राहिलं की दोन दिवस ठणकतं, म्हणून चामड्याचे हातमोजे घ्या. कापडी उपयोगाचे नाहीत. कापल्या जागेतून पांढरा चीक येतो. तो कपड्यावर पडला की डाग जात नाही.

पारोळ्याला कुंपणाचं तसं अप्रूप नाही. १७२७ साली बांधलेला इथला भुईकोट किल्ला खंदकासकट गावातच उभा आहे. पण करवंदाच्या कुंपणाची मोठी गोष्ट घडली ती आपल्या वेशीला लागून. मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात पंजाबातल्या लय्यापासून बऱ्हाणपूरपर्यंत काटेरी कुंपण उभं केलं. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते ॲलन ह्यूम काही वर्षं या जकात खात्याचे आयुक्त होते. कुंपणात बोर, बाभूळ, निवडुंग आणि करवंदही होतं. साहेबाच्या मुलखात शेताच्या बांधावर हॉथॉर्नची काटेरी कुंपणं असतात, पांढऱ्या फुलांची आणि लाल फळांची; त्यामुळे त्याला ही कल्पना परकी वाटली नसावी. १८७९ मध्ये ती जकातीची नाकेबंदी उठली आणि कुंपणही गेलं. गरिबाचं मीठ अडवण्यासाठी करवंदाला जुंपलं, याचा मला आजही राग येतो.

बियांपासून केलेल्या झाडाला फळ यायला तीन-चार वर्षं जातात. त्याआधी फुलं येतात, जाईसारखी पांढरी, आणि संध्याकाळी मागचं अंगण घमघमतं. कधी बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते, डोक्यामागे निळे डोळे काढलेली. ती कण्हेरीवरच्या मोठ्या पतंगाची. औषध न मारता हाताने वेचली तरी पुरते. बुलबुल आपला वाटा न विचारता घेतात. उरलेल्या कच्च्या करवंदांचं लोणचं होतं. चिरताना बोटांना तेल लावायचं, म्हणजे चीक चिकटत नाही. पिकलेल्यांची जेली वेगळं काही न घालता घट्ट बसते. लोणच्यासाठीच लावायची असतील तर दापोली विद्यापीठाची मोठ्या फळाची ‘कोकण बोल्ड’ जात घ्या. कुंपणाला घाटातली रानटीच बरी.

तेव्हा येत्या मे महिन्यात करवंदं खाल, तेव्हा बिया थुंकून टाकू नका. पाऊस पडायच्या आत त्या पिशवीत गेल्या पाहिजेत. पुढच्या वर्षासाठी डबीत ठेवल्या तर उगवणार नाहीत.