आगंतुक चांदणी

मदत करणाऱ्या माणसांची मला आताशा धास्ती वाटू लागली आहे. अडल्या वेळी धावून येणाऱ्यांविषयी मी बोलत नाही, ती देवमाणसे. मी म्हणतो ते न बोलावता येणारे. पंगतीत पानावर आडवा हात धरला, तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारे. आपण शब्दकोडे सोडवीत असता पाठीमागून वाकून उत्तर सांगणारे. बरे, हेतू चांगला असल्यामुळे यांच्यावर धड रागावताही येत नाही.

असाच एक पाहुणा गेल्या वर्षी माझ्या फोनमध्ये राहायला आला. एका रात्री फोन आपला आपणच 'अद्ययावत' झाला आणि सकाळी पाहतो तो लिहायच्या चौकटीशेजारी चार टोकांची एक चांदणी लुकलुकत होती! 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे तिचे भारदस्त नाव. कुणाचा निरोप आला, की मी चष्मा शोधीपर्यंत तीन उत्तरे तयार. पत्र जरा लांब असले, की त्याचा दोन ओळींत सारांश. मी वाक्य सुरू करावे आणि तिने ते संपवावे. तिला घालवायला गेलो, तर एका दारातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या दारात गेलो आणि शेवटी पाटी दिसली : 'ही सोय बंद करता येणार नाही.'

दुसऱ्याचा मजकूर सुधारणे हा माझाच धंदा होता. चाळीस वर्षे मी छापखान्यात मुद्रिते तपासली. आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते : जुळाऱ्याची चूक खुशाल सुधारा, पण लेखकाचा शब्द खटकला, तर समासात प्रश्नचिन्ह काढा आणि थांबा. शब्द त्याचा आहे.

पुढे छापखान्यात संगणक आले. मायक्रोसॉफ्टच्या 'ऑफिस ९७' मध्ये डोळे मिचकावणारी एक कागदाची क्लिप असे. पत्र लिहायला घेतले रे घेतले, की ती उपटायची आणि मदत हवी का म्हणून विचारायची. लोक इतके विटले, की २००१ च्या आवृत्तीत तिला मुळातच झोपवून ठेवले आणि २००७ च्या आवृत्तीतून कायमची रजा दिली. मीही तेव्हा तिच्या नावाने बोटे मोडली होती. आज वाटते, बिचारी निदान विचारीत तरी होती!

आता खरी गोष्ट सांगतो. माझी थोरली बहीण, अक्का, मिरजेला असते. वय ऐंशीच्या पुढे. नातवाने फोन दिल्यापासून रोज सकाळी तिचा निरोप यायचा : "बाळ्या उटलास का. आज पावूस. डाळीची आमटी केली तूझी आटवण झाली." ऱ्हस्वदीर्घाशी तिचे जन्माचे वैर. मी तिची थट्टा करी. पण तो निरोप वाचल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास आमच्यात मिरजेच्या वडिलोपार्जित घरावरून बोलाचाली झाली. मी म्हटले, विकून टाकू. ती गप्प राहिली. दोन दिवसांनी निरोप आला : "प्रिय बंधू, आपण कुशल असाल अशी आशा आहे. येथे पाऊस पडत आहे. आपली आठवण येते."

आपण! ज्या बहिणीने मला कडेवर घेऊन नदीचा घाट दाखवला, 'बाळ्या' आणि 'दगड्या' यांखेरीज हाक मारली नाही, तिने मला 'आपण' म्हणावे? मराठीत नाते तोडायला वकिलाची नोटीस लागत नाही. एवढा एक शब्द पुरतो. मी दुखावलो. चांदणीने मांडून ठेवलेल्या तिनांपैकी पहिल्या उत्तरावर रागाने बोट ठेवले : "धन्यवाद. काळजी घ्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचे 'आपण', पुन्हा माझे 'काळजी घ्या'. असे आठ दिवस चालले. फोन करावा असे रोज वाटे, आणि रोज मान आडवा येई.

नवव्या दिवशी राहवेना. फोन लावला. "अक्का, एवढी रागावलीस?"

"मी कशाला रागावू? तूच घराचं मनात धरलंस. मी एवढं लिहिते, नि तू आपला परक्यासारखा 'काळजी घ्या' म्हणतोस!"

"पण तू मला 'आपण' म्हणतेस!"

ती जरा थांबली. मग ओशाळून म्हणाली, "अरे, बाणाशेजारी ती चांदणी आलीय ना, ती दाबली की माझ्या चुका जातात. काय बदलतं ते मला बारीक अक्षरात दिसत नाही. म्हटलं, तू प्रुफं तपासणारा माणूस, तुला माझं अशुद्ध कशाला वाचायला लावायचं?"

मला काही बोलता येईना. आठ दिवस दोन यंत्रे एकमेकांशी मोठ्या अदबीने बोलत होती आणि आम्ही दोघे भावंडे अबोला धरून बसलो होतो. पण सगळा दोष चांदणीच्या पदरात कसा टाकू? अक्काला तिच्या अक्षरांची लाज वाटायला मीच लावली होती. चांदणीने फक्त त्या लाजेवर औषध विकले.

२०२४ च्या डिसेंबरात ॲपलच्या फोनवरील सारांशाने बीबीसीच्या नावावर चुकीची बातमी दाखवली. बीबीसीने तक्रार केली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीला बातम्यांचे सारांश थांबवावे लागले. अक्काच्या तोंडी परका शब्द घातला, त्याची तक्रार कुणी करायची? म्हणून ही या पानांवर करतो. मदत जरूर करावी; पण आधी समासात प्रश्नचिन्ह काढावे, आणि 'नको' म्हटले, की उठून जावे.

नातवाने तिच्या फोनमधली चांदणी कशीबशी झाकली. माझ्या फोनमधली अजून लुकलुकते. मी तिच्याकडे पाहत नाही. घराचा विषय तूर्त आम्ही दोघांनीही मिटवला आहे. गेल्या भाऊबिजेच्या आदल्या रात्री निरोप आला :

"दगड्या उद्या येतोस नव्हं. करंज्या केल्यात. ऊशिर करू नको."

मी एकही अक्षर सुधारले नाही. पहाटेची गाडी पकडली.